स्कॉटिश नाचांच्या मुळाशी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी अट घातली होती, की नोकरी, घर आणि मुलांचे मार्क सोडून दहा मिनिटं कशावरही बोल. म्हणून आज मी स्कॉटलंडच्या पारंपरिक नाचांबद्दल बोलणार आहे. कामानिमित्त काही वर्षं एडिंबरात होते, तेव्हा आठवड्यातली एक संध्याकाळ या नाचांच्या वर्गाला जात असे. घाबरू नका, नाचून दाखवणार नाही. हे नाच आले कुठून, एवढंच सांगणार आहे.

आधी नाच डोळ्यांपुढे आणू या. चार पुरुष एका रांगेत, त्यांच्यासमोर चार स्त्रिया. फिडल आणि अकॉर्डियन सुरू होतं. पहिली जोडी संगीताच्या ३२ बारमध्ये एक आकृती पूर्ण करते आणि एक जागा खाली सरकते. तीच आकृती पुन्हा एकदा करून ती रांगेच्या तळाशी जाते, आणि दुसऱ्या जोडीची पाळी येते. चार जोड्या, प्रत्येकीच्या दोन फेऱ्या, म्हणजे एकूण आठ आवर्तनं. शेवटी सगळे आपापल्या मूळ जागी. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला हे बघून फार बरं वाटतं. एकाची चूक झाली की आठ जण एकमेकांवर आदळतात, तेही ओळखीचंच!

याचं नाव 'स्कॉटिश कंट्री डान्स'. नाव ऐकून वाटतं, डोंगरातल्या धुक्यात, चौकड्यांचे किल्ट नेसलेल्या टोळ्यांनी हजार वर्षांपूर्वी सुरू केलेलं काहीतरी असेल. पर्यटकांच्या दुकानांतून तेच विकलं जातं. पण एखादी ओळ कोणी लिहिली, केव्हा बदलली आणि का, हे शोधणं आमचं रोजचं काम. तीच खोड इथे कामाला आली.

मागे मागे जात आपण लंडनला पोचतो. १६५१ साली जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाने 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हे पुस्तक काढलं. त्यात १०५ नाच आणि प्रत्येकाची चाल होती. पुस्तक इतकं खपलं की पुढे सुमारे पाऊणशे वर्षं त्याच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. समोरासमोरच्या दोन रांगा, एकेक जोडी पुढे सरकणं, हा सांगाडा त्यात स्पष्ट दिसतो. म्हणजे स्कॉटिश म्हणून मिरवणाऱ्या नाचाचा आराखडा इंग्लंडचा. एडिंबरच्या चहाच्या टेबलावर हे वाक्य जपून उच्चारावं लागतं.

इंग्लंडचे हे नाच फ्रान्समध्ये गेले. तिथे 'कंट्री डान्स'चा उच्चार 'काँत्रदांस' झाला, आणि १७०६ साली फ्येये या नृत्यगुरूने पॅरिसमध्ये त्यांचं पुस्तकही छापलं. फ्रेंचमध्ये 'काँत्र' म्हणजे समोरासमोर. मग काही विद्वानांनी उलटाच निष्कर्ष काढला, की मूळ शब्द फ्रेंच आणि इंग्रजी नाव हा त्याचा अपभ्रंश. निर्यात केलेला माल नव्या वेष्टनात परत आला आणि लोक त्याला परदेशी समजले, तशी ही गंमत.

स्कॉटलंडात हे नाच रुजले अठराव्या शतकात, आणि तेही शहरांत. एडिंबरात १७२३ साली 'असेंब्ली' सुरू झाली. तिथे ठरावीक दिवशी तिकीट काढून, प्रतिष्ठित स्त्रियांच्या देखरेखीखाली नाच चाले. चर्चच्या कडव्या मंडळींना स्त्री-पुरुषांनी एकत्र नाचणं मंजूर नव्हतं, त्यामुळे टीका झाली. ॲलन रॅम्से या कवीने त्याच वर्षी असेंब्लीची बाजू घेऊन कविता लिहिली. १७४० मध्ये डेव्हिड यंग यांनी एडिंबरात सुबक अक्षरांत स्कॉटलंडमधल्या नव्या नाचांची वही तयार केली. ती आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. नीट लक्ष द्या, 'नव्या' नाचांची. आज ज्यांना आपण प्राचीन म्हणतो, ते त्या काळची ताजी फॅशन होती.

मग यात स्कॉटलंडचं स्वतःचं काय? पुष्कळ. इथे आधीपासून 'रील' हा नाच होता. तिघे किंवा चौघे एकमेकांभोवती गोफ विणल्यासारखे फिरतात. ती वीण कंट्री डान्सच्या रांगेत शिरली. दुसरी भर 'स्ट्रॅथस्पे'ची. स्ट्रॅथ म्हणजे रुंद खोरं आणि स्पे ही नदी. त्या खोऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा हा संथ, डौलदार ठेका, त्यात आधी झटका आणि मग लांबवलेला सूर. हा खास इथलाच. आणि पावलांची नावं बघाल तर 'पा द बास्क', 'पूसेट' अशी फ्रेंच. 'अलमांड' म्हणजे तर फ्रेंचमध्ये 'जर्मन'! थोडक्यात आराखडा इंग्लंडचा, परिभाषा फ्रान्सची, वीण आणि ठेका स्कॉटलंडचा.

शहरातून हे नाच खेड्यात नेले फिरत्या नृत्यशिक्षकांनी. फिडल पाठीला लावून ते गावोगाव हिंडत आणि एखाद्या कोठारात वर्ग भरवत. कवी रॉबर्ट बर्न्स वयाच्या सतराव्या वर्षी, वडिलांच्या इच्छेविरुद्ध अशाच एका वर्गाला गेला होता. पुढे त्याने कितीतरी गाणी नाचाच्या चालींवरच बांधली. एकोणिसाव्या शतकात वॉल्ट्झ, क्वाड्रिल आणि पोल्का आले. इंग्लंडच्या दिवाणखान्यांतून कंट्री डान्स जवळजवळ हद्दपार झाला, स्कॉटलंडात मात्र टिकून राहिला, त्यात भरही पडत गेली. आज प्रत्येक लग्नात नाचला जाणारा 'एटसम रील' हा त्या शतकाच्या उत्तरार्धातला. 'डॅशिंग व्हाइट सार्जंट'ची चाल तर हेन्री बिशप या इंग्रज संगीतकाराची आहे.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र हे सगळं विसरलं जायची वेळ आली. तेव्हा दोन स्त्रिया पुढे आल्या. इसोबेल स्ट्यूअर्ट यांना गर्ल गाइडच्या मुलींसाठी स्कॉटिश नाच हवे होते. जीन मिलिगन या ग्लासगोच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवत. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी ग्लासगोत 'स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी' स्थापन केली, आणि पुढच्याच वर्षी बारा नाचांचं पहिलं पुस्तक निघालं. जुन्या वह्या चाळल्या, म्हाताऱ्या माणसांना नाचायला लावून टिपणं घेतली. १९५१ मध्ये संस्थेच्या नावात 'रॉयल' आलं. आज टोकियोपासून टोरांटोपर्यंत तिच्या शाखा आहेत.

पण माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. जुन्या वह्यांत 'कुठे जायचं' ते लिहिलेलं असे, 'कसं जायचं' ते बहुधा नसे. ते सगळ्यांना माहीतच होतं, मग लिहिणार कोण? ती मोकळी जागा सोसायटीला भरावी लागली. पूर्वी दालनात मावतील तितक्या जोड्या एका रांगेत उभ्या राहत. आता चार ठरल्या. पायाचा चवडा किती ताणायचा, हात किती उंचीवर धरायचा, हेही ठरलं. हे निर्णय १९२० नंतरचे, पण दोन पिढ्यांत त्यांनाच 'परंपरा' म्हणू लागले. काही अभ्यासक यावरून सोसायटीला नावं ठेवतात. मला ते पटत नाही. कोणी ठरवलंच नसतं, तर आज वाद घालायलाही नाच उरला नसता. मात्र काय सापडलं आणि काय आपण भरलं, याची वेगळी नोंद हवी होती, हे त्यांचं म्हणणं मान्य करायला हवं.

आता माझ्या आवडीच्या दोन गोष्टी. ह्यू फॉस हे ब्रिटिश सरकारचे सांकेतिक लिपी उलगडणारे तज्ज्ञ. एनिग्मा यंत्राच्या सुरुवातीच्या नमुन्याचा अभ्यास करणाऱ्यांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धात ते ब्लेचली पार्कमध्ये होते, आणि तिथेही त्यांनी सहकाऱ्यांना स्कॉटिश नाच नाचायला लावले. त्यांनी स्वतः अनेक नाच रचले आणि हे नाच कसे बदलत गेले यावर लेखनही केलं.

दुसरी गोष्ट १९४० ची. फ्रान्सच्या सेंट व्हॅलेरी गावी ५१ व्या हायलँड डिव्हिजनचे हजारो सैनिक जर्मनांच्या हाती सापडले. बव्हेरियातल्या लाउफेनच्या छावणीत कैदेत असलेल्या काही अधिकाऱ्यांनी एक नाच रचला. त्यात नाचणारे मध्यभागी सेंट अँड्र्यूचा तिरपा क्रूस तयार करतात, म्हणजे स्कॉटलंडचा झेंडाच. नाचाची कृती पत्रातून घरी पाठवली, तेव्हा हा गुप्त संदेश आहे असं समजून जर्मनांनी पत्र अडवून धरलं, असं सांगतात. युद्ध संपलं त्या वर्षी, १९४५ मध्ये, 'रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन' सोसायटीच्या तेराव्या पुस्तकात छापला गेला. तो कधी, कुठे आणि कोणी केला हे सगळ्यांना माहीत आहे. वय शंभरसुद्धा नाही. तरी तो पारंपरिक नाही असं म्हणायची कोणाची छाती होत नाही.

म्हणून मुळं शोधत गेल्यावर नाच खोटा ठरेल, ही भीती व्यर्थ आहे. अस्सल-नक्कल ठरवायला जन्मदाखला पुरत नाही. लोक एकत्र येऊन तो नाचतात का, आणि पुढच्याला हात धरून शिकवतात का, ते पाहावं लागतं.

जाता जाता एक विनंती. 'सगळ्यांना माहीतच आहे' म्हणून जे लिहिलं जात नाही, तेच सगळ्यात आधी हरवतं. आपल्या शाळेच्या लेझीमचे हात, गॅदरिंगची गाणी, संचलनाच्या आज्ञा हे आज या सभागृहात बसलेल्या गुरुजनांना आणि आपल्याला पाठ आहे. कोणी शिकवलं, कोणत्या वर्षी, कोणी काय बदललं, हे नावासकट लिहून काढू या. आठवणार नाही ती जागा कोरी ठेवू या. पुढे कोणीतरी ती भरेल, आणि आपण भरली हे त्याला ठाऊक असेल.