तेल जमिनीखाली, सही कुणाची?

(पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांसमोर वसतिगृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यातले बरेच जण घरातले पहिले पदवीधर. मीही होतो. निकाल लागला त्या संध्याकाळी वडिलांनी पेटीतली कागदांची पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. त्यात वतनाच्या जमिनीचे कागद होते आणि खाली आजीचा अंगठा. अंगठा कशावर उमटवला, हे आजीला कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं. आज मला तेलावर बोलायला सांगितलंय. मी तेलावरच बोलेन, पण ती पिशवी मनात ठेवून.

तेल सापडलं की तो भाग श्रीमंत होतो, असं आपण वाचतो. पण 'भाग' श्रीमंत होतो म्हणजे नेमकं कोण होतं? हे तपासायला अमेरिकेतल्या ओक्लाहोमाकडे बघू.

कॅन्सासमधून हुसकावलेल्या ओसेज आदिवासींनी 1870 च्या दशकात तिथे स्वतःच्या पैशानं जमीन विकत घेतली. खडकाळ जमीन. गोऱ्यांना ती नको असेल, म्हणजे आपल्याला कुणी उठवणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्याच जमिनीखाली तेल निघालं. 1906 साली सरकारनं जमिनीची माणशी वाटणी केली, तेव्हा ओसेजांनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली: वरची जमीन वाटा, पण खालचं खनिज सगळ्या जमातीचं सामाईक राहील. यादीत 2,229 नावं होती. प्रत्येकाला खनिजाच्या उत्पन्नात एक वाटा मिळाला. त्याला 'हेडराइट' म्हणत. तो विकता येत नव्हता, फक्त वारशानं जात होता. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

पॉहस्का गावात एका एल्मच्या झाडाखाली भाडेपट्ट्यांचे लिलाव होत. एकेका तुकड्याला दहा लाख डॉलरच्या वर बोली गेली. 1923 या एका वर्षात ओसेजांना तीन कोटी डॉलरहून जास्त मिळाले. त्यांच्याकडे मोटारी आल्या, बंगले आले, गोरे नोकर आले. मग वर्तमानपत्रांनी लिहायला सुरुवात केली की या लोकांना पैसा कळत नाही, ते उधळतात. हे बोलणं आपल्याला नवीन नाही. आपल्यातल्या एखाद्यानं गाडी घेतली की गावात काय बोलतात, ते तुम्हाला माहीत आहे.

या बोलण्याचा कायदा झाला. ज्यांचं ओसेज रक्त निम्मं किंवा त्याहून जास्त, ते 'सक्षम' ठरेपर्यंत त्यांच्या पैशावर कायदेशीर पालक नेमायचा आणि प्रौढ माणसालासुद्धा तिमाहीला 1000 डॉलरच द्यायचे, असं 1921 साली ठरलं. म्हणजे अक्कल रक्तावरून मोजली. पालक कोण? गावातलेच गोरे वकील, सावकार, दुकानदार. पालकच आपल्या दुकानातला माल चढ्या भावानं ओसेजांना लावायचा आणि बिलावर सहीही त्याचीच.

आणि वाटा वारशानंच जात असल्यामुळे तो मिळवायचा एकच मार्ग उरला: लग्न आणि मरण. ओसेज माणसं गोळी घालून, विष देऊन, घर उडवून मारली गेली. अधिकृत आकडा दोन डझनांच्या आसपास आहे, खरा त्याहून बराच मोठा असल्याचं अभ्यासक मानतात. मॉली बर्कहार्टचं जवळजवळ सगळं कुटुंब संपवलं गेलं. त्या कटात तिचा गोरा नवरा होता. सूत्रधार होता त्याचा मामा विल्यम हेल, स्वतःला ओसेजांचा मित्र म्हणवणारा. शेवटी 1925 साली कायदा बदलला: निम्मं किंवा जास्त ओसेज रक्त असलेल्याचा वाटा बिगर-ओसेज वारसाला जाणार नाही.

आता जवळच्या टल्सा शहरात येऊ. 1900 साली तिथे 1,390 लोक होते, 1920 साली 72,075. ही तेलाची कमाल. पण ओक्लाहोमा 1907 साली राज्य झालं, तेव्हा तिथल्या विधिमंडळानं सगळ्यात आधी केलेला कायदा होता कृष्णवर्णीयांना रेल्वेत वेगळं बसवण्याचा. तेलाच्या चांगल्या पगाराच्या नोकऱ्या त्यांना बंद होत्या. तेलवाल्यांच्या घरी स्वयंपाक, मोटार चालवणं, हमाली, बूट पॉलिश, ही कामं खुली होती. गोऱ्यांच्या दुकानात मान नाही, म्हणून ती मजुरी ग्रीनवुड या त्यांच्या वस्तीत खर्च व्हायची. त्यातून हॉटेलं, थिएटर, दवाखाने, वर्तमानपत्रं, वकिलांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या.

31 मे आणि 1 जून 1921 रोजी गोऱ्या जमावानं ते जाळलं. पस्तीस चौकांची वस्ती बेचिराख झाली, बाराशेच्या वर घरं जळाली. मेलेल्यांचा अंदाज तीनशेपर्यंत जातो. विमा कंपन्यांनी 'दंगल' या शब्दावर बोट ठेवून पैसे नाकारले. नगरपालिकेनं नियम काढला की आता इथे आगीला न जुमानणाऱ्या साहित्याचंच बांधकाम चालेल. म्हणजे गरिबानं परत बांधूच नये. तेव्हा बी. सी. फ्रँकलिन या कृष्णवर्णीय वकिलानं तंबूत कचेरी थाटली आणि त्या नियमाविरुद्ध कोर्टात जाऊन जिंकला. वस्ती पुन्हा उभी राहिली.

मित्रांनो, ओसेजांकडे संपत्ती होती, पण सहीचा अधिकार नव्हता. ग्रीनवुडकडे कष्टाचा पैसा होता, पण संरक्षण नव्हतं. तेलानं तिथली उतरंड मोडली नाही, तिच्यात पैसा ओतला. आपण म्हणतो, आर्थिक प्रगती झाली की जात आपोआप जाईल. टल्साकडे पाहून मला ते पटत नाही. तिथे वरच्यांना खटकली ती गरिबी नव्हे, खटकली ती खालच्यांची बरकत.

बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि हे संविधानातच लिहावं, असं मांडलं. साध्या कायद्यावर सोडलं, तर उद्याचं बहुमत ते बदलेल, हे त्यांनी ओळखलं होतं. ओसेजांचा 1906 चा हक्क 1921 च्या एका कायद्यानं कसा पोकळ केला, ते आपण पाहिलं. तिथला हिशेब पुढे नव्वद वर्षं लांबला. ओसेजांच्या पैशाच्या गैरव्यवस्थापनाबद्दल अमेरिकन सरकारनं 38 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, ते 2011 साली.

म्हणून कुठेही तेल, खाण, महामार्ग, एमआयडीसी येतेय असं ऐकलं, की तीन गोष्टी विचारा. मालकी कुणाच्या नावावर आहे? सही कुणाची चालते? आणि पगाराची नोकरी कुणाला, हमाली कुणाला?

मी ती पिशवी वाचली तेव्हा कळलं की जमीन भोगवटादार वर्ग 2 ची होती, परवानगीशिवाय विकता येत नव्हती. तरीही कागद केला गेला होता. एका माणसानं 'मी बघतो सगळं' असं आजीला सांगितलं होतं. तोही स्वतःला घरचा हितचिंतक म्हणवत होता.

सुट्टीत घरी जाल तेव्हा तुमच्या घरची पिशवी काढा. सातबारा, फेरफार, करार, एकेक ओळ वाचा आणि आईवडिलांना, आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. घरातला पहिला पदवीधर असण्याचा पहिला उपयोग हाच आहे.

जय भीम.