मूठ आणि कायदा

अमेरिकेत १९९४ साली काही अर्धस्वयंचलित रायफलींवर केंद्रीय बंदी आली. रायफलीखाली ठळक दिसणारी पिस्तुलासारखी मूठ ही त्या बंदीतली एक खूण होती. बंदीची मुदत २००४ मध्ये संपली. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा नियम मात्र टिकला, आणि तो फार बारकाईचा आहे. मुठीमुळे अंगठा व तर्जनी यांमधलं बेचकं ट्रिगरच्या उघड्या भागाच्या वरच्या टोकाखाली येत असेल, तर ती पिस्तुली मूठ. मग उत्पादकांनी मुठीला माशाच्या परासारखा उभा पडदा जोडला. त्यामुळे अंगठ्याचा वेढा पडत नाही, बेचकं वरच राहतं. गोळीचा वेग मात्र तेवढाच राहतो, आणि मला काळजी वाटते ती याचीच. न्यूयॉर्कमध्येही २०१३ च्या कायद्यानंतर अशा बदललेल्या मुठी बाजारात आल्या.