वाजवण्याची बिदागी, शिकवण्याची फी

आज पापड-लोणची नाहीत, शिवणकामही नाही. आज बोलायचं आहे ढोलकी, पखवाज आणि तबल्याबद्दल. वाजवायचं कसं यापेक्षा ते शिकवून बाईला चार पैसे कसे मिळतील, याबद्दल.

आमचे गट पालघर तालुक्यात, बोईसर-तारापूरच्या आसपासचे. आमच्याकडे गावोगावी महिला भजनी मंडळं आहेत. गाणाऱ्या बाया, टाळ धरणाऱ्या बाया, पेटीवरसुद्धा बाई. आणि पखवाजावर? तिथं बाप्या. तो बिचारा एमआयडीसीत कामाला. त्याची सेकंड शिफ्ट लागली की भजन पुढं ढकला. आता एकादशी कशी पुढं ढकलायची, ते तुम्हीच सांगा.

आमच्या एका गटात एक ताई आहे. नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलंय. तिचे वडील भजनात पखवाज वाजवायचे, लग्नसराईत ढोलकी. संध्याकाळी ते मुलाला समोर बसवून शिकवायचे. मुलीला काय काम? कणीक भिजवायचं. ज्यांनी पखवाज जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पखवाजाच्या उजव्या तोंडाला काळी शाई कायमची असते. डाव्या तोंडाला मात्र वाजवायच्या आधी दर वेळी ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमारा येतो. कणीक जास्त झाली की आवाज बसतो, कमी पडली की फुटका येतो. हे हाताला कळावं लागतं, आणि ते या ताईच्या हाताला लहानपणीच कळलं. बोल तर कानावर रोज पडत होते. घरात कोणी नसलं की ती डब्याच्या झाकणावर तेच वाजवून बघायची. भावानं पुढं वाद्य सोडलं. हिच्या डोक्यातून काही ते गेलं नाही.

लग्न होऊन ती बोईसरला आली, एका कंपनीत पॅकिंगला जायला लागली. एका एकादशीला पखवाजवाले आले नाहीत, तेव्हा ही उठून बसली पखवाजावर. सासूबाई म्हणाल्या, "चामड्याला हात लावते, देवासमोर!" अहो, मग इतकी वर्षं देवासमोर दुसरं काय वाजत होतं? खरं तर ही चामड्याची शिवाशिव फार जुनी आणि वाईट आहे. ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या हलगी-ताशा वाजवला, त्यांच्याशिवाय गावाची वरात हलली नाही. पण त्यांना पंगतीत कोणी शेजारी बसवलं नाही. आम्हाला हे बोलायला संकोच वाटत नाही.

त्या दिवसानंतर बाया आपापल्या मुली तिच्याकडे पाठवू लागल्या. वर्षभर तिनं शिकवलं. मोबदला काय? एक नारळ आणि ब्लाउजपीस. शिकवणी असली की ओव्हरटाइम सोडायचा, म्हणजे पदरचे पैसे जायचे. शेवटी गटाच्या बैठकीत आम्ही विषय काढला की फी ठरवू या. लगेच कोणीतरी म्हणालं, "विद्या विकायची नसते." आम्ही विचारलं, पखवाजवाल्या दादांना बिदागी देता, तेव्हा ते विद्या विकतात का? उत्तर आलं नाही. पुरुषानं घेतली तर बिदागी, बाईनं मागितली तर लोभ, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

पण खरी अडचण ताईच्याच मनात होती. "माझ्याकडे सर्टिफिकेट कुठंय? मला काय सांगता येणार?" असं तिचं चालू.

तर मैत्रिणींनो, आपल्याच जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा. वय नव्वदीच्या घरातलं, तारपा वाजवतात. तारपा म्हणजे भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानाचं आपलं फुंकवाद्य, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ही विद्या घरातच बापाकडून मुलाकडे आलेली. २०२६ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ती देताना सर्टिफिकेट कोणी विचारलं नाही.

आणि बाईनं तालवाद्य वाजवायचं म्हणाल, तर मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री. पारशी म्हटलं की आपल्याला डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्या आठवतात. या पारशी बाईंनी तबला धरला. जन्म १९४०चा. पंडित केकी जिजिना आणि उस्ताद अमीर हुसेन खाँ यांच्याकडे त्या शिकल्या. मागे साथीला बसणं वेगळं आणि एकटीनं मैफल रंगवणं वेगळं. तबल्याचं एकल वादन करणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या बायकांमध्ये त्या होत्या. शिवाय पखवाज-तबल्याच्या घराण्यांवर त्यांनी मोठा अभ्यासग्रंथ लिहिला आणि विद्यार्थीही घडवले. २०१२ साली त्या गेल्या. त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या अनुराधा पाल उस्ताद अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांच्या शिष्या. १९९६ साली त्यांनी 'स्त्रीशक्ती' नावाचा फक्त बायकांचा वाद्यवृंद काढला.

आमची ताई या दोघींच्या पंगतीला बसवायची असं आमचं म्हणणं नाही. तिला भजनी ठेका येतो, केहरवा येतो, दादरा येतो, लग्नातली ढोलकी येते. तेवढंच तिनं सांगायचं आणि तेवढंच शिकवायचं. म्हणून आम्ही एका कागदावर तिच्याबद्दल चार ओळी लिहिल्या: वडिलांकडून घरी शिकले, भजनी मंडळात पखवाज वाजवते, लहान मुलांना आणि बायांना सुरुवातीपासून शिकवते. खाली वेळ आणि फी. तो कागद किराणा दुकानात लावला. ज्या मुलांना तबल्याच्या परीक्षा द्यायच्या आहेत, त्यांना ती सरळ सांगते की दुसऱ्या गुरुजींकडे जा. या परीक्षा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ घेतं, प्रारंभिकपासून पुढं विशारद, अलंकारपर्यंत. अभ्यासक्रम ठरलेला असतो, लेखीही असतं. तिनं असं स्पष्ट सांगितल्यामुळे आयांचा विश्वास वाढला, कमी झाला नाही.

आता क्लासची व्यवस्था. वाद्य लगेच विकत घ्यायला लावायचं नाही. पहिला महिना टाळी आणि मांडी. केहरव्याच्या आठ मात्रा, धा गे ना ति, न क धि ना, तोंडानं म्हणत टाळी द्यायची. तोंडात बसलं की हातात येतं. जे मूल महिनाभर टिकतं, त्याच्यासाठीच वाद्याचा विचार. एक ढोलकी ताईनं गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतली, हप्ता फीमधून जातो. हिशेब अवघड नाही. समजा सहा मुलं आली आणि महिन्याला ३०० रुपये फी, तर १,८०० रुपये होतात. त्यातून हप्ता वजा करा, दोरी-कडी आणि शाईच्या दुरुस्तीला थोडे बाजूला ठेवा.

वेळ ठरवताना आमच्या भागात एक गोष्ट बघावीच लागते. शेजारी नाईट शिफ्ट करून दिवसा झोपलेले असतात. त्यामुळे दुपारी क्लास नाही, संध्याकाळी ५ ते ७. चाळीतल्या खोलीत नाही, समाजमंदिराच्या ओट्यावर. पावसाळ्यात चामडं दमट होतं, ढोलकी उतरते. ती कोरड्या फडक्यात गुंडाळून चुलीपासून हातभर लांब ठेवायची. फार जवळ ठेवली तर चामडं तडकतं.

क्लासला मुलगे येतात, मुलीही येतात. उत्तर प्रदेश-बिहारकडच्या घरांतली दोन मुलं ढोलक घेऊन येतात, त्यांच्याकडून ताईच नवीन ठेके शिकते. पखवाजासाठी कणीक भिजवण्याची पाळी लावली आहे, पहिली पाळी मुलग्यांची.

राहता राहिला भजनी मंडळाचा प्रश्न. ताई आता दर एकादशीला पखवाजावर बसते. मग तिची बिदागी? दोघींनी कुरकुर केली, "आपलीच तर आहे." आम्ही म्हटलं, दादांना जेवढी देत होतो तेवढीच हिला. मंडळाच्या वहीत तसं लिहून घेतलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कुरकुर करणाऱ्या दोघींनी पण सही केली. त्यातल्या एकीची नात आता क्लासला येते.