नवा संगणक, जुन्या फायली : किल्ली कुणाकडे?

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्या आणि सल्ला केंद्रांवर काम करणाऱ्या मैत्रिणींच्या शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



संगणकाचं सत्र म्हटल्यावर तुमच्यातल्या काही जणी मागे सरकल्या, ते मी पाहिलं. "आमच्या पोराला कळतं त्यातलं," असंही कुणी म्हणालं. आजचं बोलणं त्या वाक्यापासूनच सुरू करते.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. आपल्या केंद्रांवरचे संगणक बहुधा देणगीतून आलेले, जुने. त्यातल्या अनेकांवर विंडोज ११ चढत नाही. म्हणजे नवं यंत्र आलं की जुन्यातलं सामान हलवणं आलं. दुकानदार म्हणतो, "ठेवून जा ताई, संध्याकाळपर्यंत सगळं टाकून देतो." आणि आपण ठेवून येतो.

पण त्या डब्यात असतं काय? बाईने रडत रडत दिलेला जबाब. वळ उठलेल्या पाठीचे फोटो. ती सध्या कुणाकडे लपून राहिली आहे, तो पत्ता. आणि बारामतीत काय, इंदापुरात काय, कोण कुणाचा भाऊबंद निघेल सांगता येत नाही. जी फाईल आपण कुलपाच्या कपाटात ठेवतो, ती या रूपात अख्खी दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून येतो.

१८६३ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा विधवांना पहिला शब्द दिला तो गुप्ततेचा. लैंगिक अत्याचारातल्या बाईची ओळख छापणं हा आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी आपला शब्द आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच : हे बिऱ्हाड आपण आपल्या हातांनी हलवायचं.

विंडोज ७ मध्ये त्यासाठी 'इझी ट्रान्सफर' नावाचं साधन होतं. विंडोज १० मध्ये ते राहिलं नाही. आता कंपनी सांगते, आमच्या खात्यात सामान चढवा, नव्या यंत्रावर उतरवून घ्या. सोय आहे, पण आधी विचारा, खातं कुणाच्या नावावर? ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो? २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना आपण पाहिलं, बाईचा अर्ज आणि नंबर नवऱ्याचा. तसंच केंद्राचं खातं जुन्या सचिवाच्या किंवा दुकानदाराच्या नंबरवर असलं, तर किल्ली त्याच्याकडे. सातबाऱ्यावर नाव लावायला आपण भांडतो, तसं इथेही भांडलं पाहिजे. खातं संस्थेचं, नंबर संस्थेचा, आणि पासवर्ड दोन जबाबदार मैत्रिणींकडे.

आता हाताने हलवायचं कसं? आधी कागदावर यादी करा. तीन ढीग : सोबत न्यायचं, कपाटात जपायचं, कायमचं पुसायचं. मग बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे चार कप्पे तर पाहाच, पण डी ड्राइव्हवर कुणी काय ठेवलंय तेही पाहा. 'कट' करू नका, 'कॉपी' करा. नव्या यंत्रावर फायलींची संख्या ताडून पाहा आणि दहा-बारा फायली प्रत्यक्ष उघडा. नाव दिसलं म्हणजे फाईल शाबूत आहे असं नाही.

प्रोग्रॅम असे कॉपी होत नाहीत, ते नव्याने बसवावे लागतात. मराठी कळफलक, प्रिंटर, वायफाय यांचीही मांडणी पुन्हा करायची. ब्राउझरमधल्या खुणा, म्हणजे बुकमार्क, फाईल करून नेता येतात. पासवर्डही नेता येतात, पण ती फाईल उघड्या अक्षरांत असते. कोणीही वाचेल. काम झालं की ती त्याच मिनिटाला दोन्ही यंत्रांवरून आणि डिस्कवरून काढायची, रिसायकल बिनसुद्धा रिकामं करायचं.

आपली खास अडचण मराठीची. पूर्वी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये जे टाइप केलं, ते फॉन्ट नसलेल्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन उघडतं. घाबरू नका, मजकूर गेलेला नसतो. जुनं यंत्र चालू आहे तोवर त्या फायलींच्या पीडीएफ करून ठेवा. ती तशीच्या तशी दिसते. मग युनिकोडमध्ये रूपांतर करा, पण मूळ फाईल टाकू नका. रूपांतरात रफार हलतो, जोडाक्षर तुटतं, कधी शब्द गळतो. जबाबातला एक 'नाही' गळला तर बाईचं म्हणणंच उलटं होतं. म्हणून दोघींनी बसायचं, एकीने वाचायचं, दुसरीने ताडायचं.

कोर्टात चालू असलेल्या प्रकरणांना वेगळं हाताळा. फाईल कॉपी केली की नव्या प्रतीवर 'तयार झाल्याची' तारीख आजची पडते. उद्या समोरचा वकील विचारेल, हे रेकॉर्डिंग कालच केलं का? जालन्याच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्र हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्रात फाईलची 'हॅश' लिहावी लागते, म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तेव्हा रेकॉर्डिंग असलेला मूळ फोन वा संगणक निकालापर्यंत विकू नका, आणि पुरावा व्हॉट्सअॅपवरून फिरवून त्याचीच प्रत जपू नका.

शेवटी जुन्या यंत्राचं. इथे माझीच चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही फायली 'डिलीट' करून जुना संगणक एका शाळकरी मुलाला दिला. पंधरा दिवसांनी तो घरी आला आणि खाली मान घालून म्हणाला, "ताई, यात तुमच्याकडच्या बायकांचे फोटो आहेत." फुकटातलं एक साधन चालवलं होतं त्याने. पोरगा भला म्हणून निभावलं. पण त्या बायकांना मी काय तोंड दाखवणार होते?

इंदापूरच्या मैत्रिणींना हे समजवायला नको. उजनीच्या पाण्यात जुनं पळसदेव गेलं, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ वर येतंच. डिलीट केलेली फाईल तशीच, नुसती पाण्याखाली. ती खरोखर पुसायची तर विंडोजच्या 'रिसेट'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून, पुढे 'क्लीन डेटा' चालू करा. वेळ लागतो, लागू द्या. यंत्र बंदच पडलं असेल तर आतली डिस्क काढून ठेवा, भंगारात नुसता डबा द्या.

हे सगळं एका दिवसात येणार नाही. शिवणयंत्रही पहिल्या दिवशी कुठे चाललं होतं? पोराला जरूर विचारा, पण माऊस आपल्या हातात ठेवून विचारा. जेवणानंतर प्रत्येक केंद्राच्या दोघींनी इथे बसून आपापली यादी करायची आहे. पहिली ओळ मी सांगते : खातं कुणाच्या नावावर आहे?