फाटक्या स्पीकरची जवारी

(बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने आपल्या धंद्यातलं काहीतरी सांगायचं, असा संयोजकांचा हुकूम आहे. डॉक्टरांचे गुडघे सांगून झाले, बँकवाल्यांची गुंतवणूक झाली. माझा धंदा ध्वनिमुद्रणाचा. सकाळी नाश्त्याला तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी आहे, जुन्या रॉकवाल्यांसारखा आवाज यायला कोणती घ्यावी आणि दुकानदार सांगतो तेवढे पैसे खरंच लागतात का? त्याचं उत्तर जरा लांबचं आहे, कारण तो आवाज गिटारीत फार थोडा असतो.

इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू येत नाही. पोलादी तार लोहचुंबकावर गुंडाळलेल्या कॉइलसमोर थरथरते, त्यातून इवलासा विद्युतप्रवाह निघतो आणि तो ॲम्प्लिफायर मोठा करतो. आता प्रत्येक ॲम्प्लिफायरला एक छत असतं. लाट त्याहून उंच जायला लागली की तिचा माथा कापला जातो. सर, तुम्ही प्रयोगशाळेत आम्हाला हे ऑसिलोस्कोपवर दाखवलं होतं आणि वहीत 'दोष' या मथळ्याखाली लिहून घेतलं होतं. भौतिकशास्त्र म्हणून ते बरोबरच आहे. पण माथा कापलेल्या लाटेत मूळ स्वरात नसलेले वरचे अनेक स्वरांश तयार होतात. शिवाय तार मंदावत गेली तरी लाट बराच वेळ छताला टेकलेली राहते, म्हणून स्वर लांबतो. गिटार गायला लागते ती इथे.

हे आपल्याला परकं नाही. संगीताच्या बाई तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत बसायच्या, आठवतं? तार घोडीला हलकीशी घासली की ती जवारी झंकारते. तारेला मोकळेपणी थरथरू न देणं हाही तसा दोषच, पण तो नसेल तर तानपुरा मुका वाटतो. आणखी एक गंमत. ॲम्प असा कोंदला असताना सा आणि प एकत्र छेडले, तर दोघांच्या कंपनसंख्यांच्या फरकाचा तिसरा स्वर उमटतो, तो नेमका खालचा सा. रॉकच्या भारदस्त सुरावटी सा-प जोडीवर उभ्या आहेत त्या म्हणून. मध्ये ग घातला की चिखल होतो.

आता ज्यांनी हा दोष मुद्दाम ठेवला त्यांच्याकडे वळतो. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स नावाच्या गायकाचं 'डोन्ट वरी' हे गाणं मुद्रित होत होतं. १९६१ साली ते बाजारात आलं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होता आणि ज्या चॅनेलमधून त्याचा आवाज येत होता ते बिघडलं. भुंग्यासारखा आवाज यायला लागला. कोणीही 'पुन्हा घेऊ' म्हणालं असतं. तिथे तो ठेवायचं ठरलं आणि गाणं चाललं. मग ग्लेन स्नॉडी या अभियंत्याने तोच बिघाड ट्रान्झिस्टरांनी हुबेहूब करणारं सर्किट बनवलं. १९६२ मध्ये ते माएस्ट्रो फझ-टोन नावाने बाजारात आलं, पण फारसं कोणी घेईना. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वापरलं, तेही पुढे ब्रास वाद्यं वाजवतील त्या सुरावटीचा कच्चा आराखडा म्हणून. आराखडाच कायम राहिला आणि मग त्या पेट्यांवर उड्या पडल्या.

इंग्लंडमध्ये सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या एल्पिको नावाच्या छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा कागदी कोन ब्लेडने कापला. तो फाटका आवाज त्याने व्हॉक्सच्या मोठ्या ॲम्पमध्ये सोडला. १९६४ चं किंक्सचं 'यू रिअली गॉट मी' असं झालं. त्याच्याआधी, १९५८ साली, लिंक रेने 'रम्बल'साठी पेन्सिलीने स्पीकरला भोकं पाडली होती. घरी मुलाने असं केलं तर आपण काय करू ते सांगायला नको.

माझ्या मते खरा पेच पडला तो १९६६ मध्ये, लंडनच्या डेक्का स्टुडिओत. जॉन मेयॉलच्या ब्लूज ब्रेकर्सची तबकडी मुद्रित होत होती आणि एरिक क्लॅप्टन तेव्हा एकवीस वर्षांचा होता. गिब्सन लेस पॉल गिटार, मार्शलचा ॲम्प, आणि हट्ट असा की रंगमंचावर वाजवतो तेवढ्याच मोठ्याने वाजवणार. हट्टामागे कारण होतं. त्या ॲम्पला वेगळं मास्टर व्हॉल्यूम बटण नव्हतं. शेवटच्या टप्प्यातले व्हॉल्व्ह कोंदायचे तर आवाज पूर्ण चढवण्यावाचून मार्ग नव्हता. पण अशा आवाजात तो ड्रमसमोरच्या मायक्रोफोनांतही घुसतो, मग वाद्यं वेगळी करता येत नाहीत. स्टुडिओची शिस्त याच्या अगदी उलट. अभियंता गस डजन हैराण झाला, निर्माता माइक व्हर्नन क्लॅप्टनच्या बाजूने राहिला. मायक्रोफोन ॲम्पपासून दूर नेला आणि घुसलेला आवाज तसाच घेतला. आज ती तबकडी ऐकताना गिटारीभोवतीची खोलीही ऐकू येते.

याच्या उलट टोकाची गोष्ट १९७० ची. मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत तोच क्लॅप्टन 'लैला' करायला आला तेव्हा फेंडरचे अगदी लहान चॅम्प ॲम्प वापरले गेले, जेमतेम पाच वॅटचे. लहान ॲम्प कमी आवाजातच कोंदतो आणि समोरच्या मायक्रोफोनला पेटीचा आकार कळत नाही. लेड झेपेलिनच्या पहिल्या तबकडीवरची जिमी पेजची गिटारही लहान सुप्रो ॲम्पची. दुकानात भिंतीएवढे स्पीकर दाखवतात तेव्हा हे लक्षात असू द्या.

बीटल्सच्या 'रेव्होल्यूशन'मध्ये तर ॲम्पच नाही. जुलै १९६८ मध्ये जेफ एमरिकने गिटारी थेट मिक्सिंग डेस्कला जोडल्या आणि डेस्कचे दोन टप्पे एकामागोमाग लावून कोंदवले. डेस्क ईएमआयचं, एमरिक बावीस वर्षांचा पगारी नोकर. यंत्राचा गैरवापर म्हणून त्याला कोणीही जाब विचारू शकलं असतं. या गोष्टींत नाव वादकाचं होतं, पण धोका बऱ्याचदा काचेपलीकडच्या माणसाने घेतलेला असतो. माझ्या जातभाईंची बाजू मी घेणारच!

आता माझ्या सर्वांत आवडत्या माणसाकडे येतो. क्वीनचा ब्रायन मे सोळा वर्षांचा असताना, १९६३ मध्ये, त्याने वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, ट्रेमोलोत मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. नखीऐवजी सहा पेन्सचं नाणं. पुढे बँडच्या बास वाजवणाऱ्या जॉन डीकनला रस्त्यावरच्या कचऱ्यात एक सर्किट बोर्ड सापडलं. ते त्याने जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. १९७५ च्या 'गुड कंपनी'त क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन अशी अख्खी जॅझ मंडळी वाजल्यासारखं वाटतं. ते सगळं हीच गिटार आणि हेच खोकं, एकावर एक थर देऊन. (या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि त्याचा पहिला बँड शाळेतलाच. आपल्या गॅदरिंगमधून असं कोणी का निघालं नाही, हा प्रश्न मी बाईंना मघाशी विचारला. त्या नुसत्या हसल्या.)

तर प्रश्न विचारणाऱ्या तिघांना: ज्या गिटारीचे स्वर नीट लागतात आणि मान सरळ आहे अशी साधी गिटार घ्या. ॲम्प पाच-दहा वॅटचा पुरे. उरलेल्या पैशांत एक बऱ्यापैकी मायक्रोफोन घ्या आणि मुलाला तो वीतभर पुढे-मागे करून प्रत्येक वेळी काय बदलतं ते ऐकू द्या. आवाज आधी मधोमध ठेवून, मग स्पीकरच्या कडेकडे सरकवून ऐकायला सांगा. मध्यावर तो तिखट येतो, कडेला मऊ.

एक मात्र मी हात जोडून सांगतो. हेडफोन मोठे करून तासन्‌तास बसू देऊ नका. द हू बँडच्या पीट टाउनशेंडने कान गमावल्याचं उघडपणे सांगितलं आहे आणि दोष रंगमंचापेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनना दिला आहे. माझ्याकडे उमेदवारी करायला येणाऱ्या मुलांपैकी काहींच्या कानात विशीतच शिट्टी वाजत असते. ती थांबवायचं औषध आपल्या डॉक्टर मित्रांकडेही नाही, मी विचारलं आहे.

मागच्या वर्गात मी एक जुना लहान ॲम्प आणि गिटार आणून ठेवली आहे. चहानंतर या. सर, ऑसिलोस्कोप शाळेत अजून चालू असेल तर तोही आणू या, लाटेचा माथा कापलेला पुन्हा बघायचा आहे.