इंग्रजीतील मुलाखत : तयारी कशाची?



आजचा विषय वाचून काही मंडळी फर्डे इंग्रजी शिकावयास मिळेल अशा अपेक्षेने आली असतील. त्यांची प्रथमच क्षमा मागतो. एका संध्याकाळी भाषा शिकवण्याची विद्या मला अवगत नाही. परंतु मराठीत वाढलेल्या आणि मराठीतच विचार करणाऱ्या तरुणाला नोकरीसाठी इंग्रजीतून मुलाखत द्यावयाची झाली, तर त्याचे नेमके कोठे अडते, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे. तेवढेच सांगणार आहे.

तरुणपणी एका कारखान्यात मुलाखतीला गेलो होतो. साहेबांनी विचारले, 'यू हॅवन्ट वर्क्ड ऑन अ लेथ?' लेथवर मी काम केलेले नव्हते. मी नम्रपणे म्हणालो, 'येस सर.' साहेब खूश झाले आणि लेथविषयी एकामागून एक प्रश्न विचारू लागले. मला एकाचेही उत्तर येईना. शेवटी त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की ती नजर मी आजतागायत विसरलो नाही. नोकरी गेली त्याचे दुःख वर्षभरात ओसरले. पण मी खोटा ठरलो होतो, आणि खोटे तर एक अक्षर बोललो नव्हतो!

झाले होते काय? 'तुम्ही लेथवर काम केलेले नाही ना?' असे कोणी विचारले, तर आपण म्हणतो, 'हो, नाही केलेले.' आपला 'हो' विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीतला 'येस' किंवा 'नो' हा वस्तुस्थितीला असतो. काम केले नसेल तर, प्रश्न कसाही विचारलेला असो, उत्तर 'नो' हेच. म्हणून माझा पहिला सल्ला हा, की नुसत्या 'येस-नो'वर कधी थांबू नका. 'नो, आय हॅवन्ट', असे पूर्ण वाक्य बोला.

अशा जागा आणखी आहेत. आपण 'शंका आहे' म्हणतो, त्याचे 'आय हॅव अ डाउट' करतो. आपल्याला विचारावयाचा असतो साधा प्रश्न. परदेशी ऐकणाऱ्याला मात्र वाटते, हा आपल्यावर अविश्वास दाखवतो आहे. तेथे 'क्वेश्चन' म्हणावे. 'पाच वर्षांपासून'चे 'सिन्स फाइव्ह इयर्स' होते. ते 'फॉर फाइव्ह इयर्स' हवे. दहा लाखांचा व्यवहार सांभाळला असेल तर परदेशी माणसाला 'वन मिलियन' सांगावे, कारण लाख आणि कोटी त्याच्या हिशेबात नाहीत.

याहून खोल अडचण वाक्याच्या घडणीची आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. आपण आधी पार्श्वभूमी सांगतो, मग कारणे, आणि मुद्दा सर्वांत शेवटी ठेवतो, जेवणाच्या शेवटी विडा द्यावा तसा. इंग्रजी मुलाखतीत मात्र उत्तर आधी लागते आणि कारणे मागाहून. शिवाय आपल्या घरी 'मी केले' म्हणणे उद्धटपणाचे मानतात. त्यामुळे स्वतः रात्र जागून केलेले कामही आपण 'आम्ही केले' असे सांगतो. समोरच्याला कळतच नाही, की यात या मुलाचा हात कोणता. जे दहा जणांनी केले ते 'आम्ही'च म्हणावे. पण जे आपण केले ते 'मी' म्हणून सांगण्यात गर्व नाही, ती केवळ खरी साक्ष आहे.

मग तयारी कशी करावी? प्रथम मराठीतच करावी! आपली तीन कामे निवडा. अडचण काय होती, मी काय केले, त्यातून काय निष्पन्न झाले, हे घरच्या माणसाला मराठीत सांगा. जे मराठीत सांगता येत नाही ते इंग्रजीत कोठून येणार? नंतर तेच लहान लहान इंग्रजी वाक्यांत मोठ्याने बोला. पाठांतर मात्र करू नका. पाठ केलेले उत्तर मध्येच एक शब्द निसटला की पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळते. एखाद्या मित्राला प्रश्न विचारावयास बसवा, आणि त्याला मुद्दाम उलटसुलट, नकारार्थी प्रश्न विचारावयास सांगा.

उच्चारांत साहेबाची नक्कल नको, स्पष्टता हवी. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' यांना आपल्याकडे एकच 'व' आहे. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेत, दुसऱ्याला ओठांचा चंबू करावा. शब्दातील आघात शब्दकोशात पाहून घ्यावा. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या अवयवावर असतो, 'फोटोग्राफी'मध्ये दुसऱ्यावर. आणि प्रश्न कळला नाही तर 'कुड यू प्लीज से दॅट अगेन?' असे खुशाल विचारावे. हल्ली मुलाखती पडद्यावरूनही होतात. तेथे आवाज तुटतोच. न समजता उत्तर देण्यापेक्षा पुन्हा विचारणे केव्हाही शहाणपणाचे.

एक गोष्ट पालकांसाठी. इंग्रजीवाचून सर्वच दारे बंद आहेत, असे नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत 1979 पासून मराठीसारख्या भारतीय भाषांतून उत्तरे लिहिता येतात. तेथील 2025 गुणांपैकी 275 गुण मुलाखतीचे आहेत, आणि तीही मराठीतून देण्याची सोय आहे. जेथे अशी मुभा असेल तेथे ती घेण्यात लाज कसली? आणि जेथे नसेल तेथे मुलाच्या मोडक्या इंग्रजीला घरात हसू नका. घरात हसले गेलेले मूल बाहेर तोंड उघडत नाही.

मित्रहो, मुलाखत ही इंग्रजीची परीक्षा नव्हे. आपण कोण आहोत, काय करू शकतो, हे समोरच्याला खरेखुरे कळावे, एवढाच तिचा हेतू. त्या दिवशी मला व्याकरण येत होते. फक्त माझे खरे बोलणे पलीकडे पोहोचले नाही. आपल्या मुलांचे पोहोचावे, यासाठी हा सगळा खटाटोप.