वर्गातली कामं कोणाची?



2019 साली बालभारतीचं दुसरीचं नवं पुस्तक आलं.
त्यात एक चित्र होतं.
आई आणि बाबा, दोघं मिळून भाजी निवडताहेत.

ते पाहून एखादं मूल विचारेल,
"बाई, आमचे बाबा का नाही निवडत?"
हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.
तो दाबू नका.

मुलं पुस्तकातून शिकतात.
पण वर्गातल्या रोजच्या वागण्यातून जास्त शिकतात.

बाक कोण उचलतं? मुलगे.
केर कोण काढतं? मुली.
पाहुण्यांना गुच्छ कोण देतं? पुन्हा मुलीच.

शिक्षकहो, ही कामं आळीपाळीने द्या.
रडणाऱ्या मुलाला ‘मुलीसारखा रडतोस’ म्हणू नका.


आणि एखादं मूल मुलगा-मुलगी या दोन रांगांत मावत नसेल तर?

2014 साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींचा हक्क मान्य केला.
आपली ओळख आपणच ठरवण्याचा हक्क.
पुढे 2019 मध्ये कायदा झाला.
शाळेतही त्यांच्याशी भेदभाव करायला त्याने मनाई केली.

तेव्हा रांग उंचीप्रमाणे लावा.
हजेरी आडनावाच्या क्रमाने घ्या.
त्या मुलाला कोणी चिडवलं,
तर त्याच तासाला थांबवा.